वाचकांचे प्रश्न : मॉरिशसचे डोंगर, वारे आणि वस्ती

प्रश्न : मॉरिशसला जाऊन आलेले आमचे नातेवाईक सांगतात, की पोर्ट लुईला कडक ऊन असताना जेमतेम वीस किलोमीटरवरच्या क्युरपीपला धुके आणि पाऊस असतो. एवढ्याशा बेटावर हे कसे? शिवाय तिथला काळा खडक सह्याद्रीसारखा दिसतो, हा योगायोग समजावा का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी खडकाचे पाहू, कारण पावसाचा उलगडा त्यातूनच होतो. आज जिथे फ्रान्सच्या ताब्यातील रियुनियन बेट आहे, तिथे पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येत असते. बहुसंख्य भूशास्त्रज्ञांच्या मते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी याच उगमावरून जाताना भारतीय भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यावर, लाव्हाचे थर साचले आणि दख्खनचे पठार घडले. भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला, तशी लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ज्या समुद्राखालच्या रांगेवर उभे आहेत ती रांग तयार झाली. पुढे हा उगम आफ्रिकी भूपट्टाखाली आला आणि सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस पाण्याबाहेर आले. तेव्हा योगायोग नाही, पण मॉरिशसला सह्याद्रीचा तुटलेला तुकडा म्हणणेही बरोबर नाही. एकाच भट्टीतून कोट्यवधी वर्षांच्या अंतराने निघालेले हे दोन घाणे आहेत, एवढेच म्हणता येईल.

त्या मूळ ज्वालामुखीच्या कडा झिजून आज डोंगरांच्या तुटक रांगा उरल्या आहेत. त्यांतील सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याने भरेल. या रांगांच्या मधोमध नंतरच्या लाव्हाने भरलेले पठार आहे आणि क्युरपीप त्यावर साधारण ५५० मीटर उंचीवर वसले आहे. आग्नेयेकडून वर्षभर वाहणारे व्यापारी वारे समुद्राची वाफ घेऊन पठारावर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. पठाराच्या काही भागांत वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर ९०० मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक ज्याने अनुभवला आहे, त्याला याचे नवल वाटू नये.

प्रश्न : बेट म्हटले की वस्ती किनाऱ्याला असणार, असे वाटते. मग मॉरिशसची मोठी शहरे आत, पठारावर का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सुरुवात किनाऱ्यावरूनच झाली होती. १५९८ साली आलेले डच आग्नेयेच्या, म्हणजे वाऱ्याच्या बाजूच्या उपसागरात उतरले आणि पुढे त्यांचा मुख्य तळही तिथेच राहिला. १७१० साली ते बेट सोडून गेले. त्यांच्यानंतर आलेल्या फ्रेंचांपैकी गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने १७३५ नंतर वायव्येच्या, डोंगरांच्या आडोशाच्या पोर्ट लुई बंदराला राजधानीचे रूप दिले. शिडाच्या जहाजांसाठी तो निर्णय अगदी योग्य होता.

चित्र पालटले ते हिवतापाने. १८६६ ते १८६८ या काळातील साथीत हजारो माणसे मेली आणि ज्यांना शक्य होते ते पोर्ट लुई सोडून थंड पठाराकडे निघाले. नुकताच सुरू झालेला लोहमार्ग त्यांच्या सोयीचा ठरला. क्युरपीप, रोझ हिल, कात्र बोर्न ही शहरे या मार्गालगत वाढली. ती आगगाडी १९६४ साली कायमची बंद झाली; आजची मेट्रो मात्र बऱ्याच अंशी तिच्याच जुन्या वाटेने पोर्ट लुईहून क्युरपीपला चढते. ही शहरे ज्या जिल्ह्यात आहेत, तो सुमारे २०० चौरस किलोमीटरचा, पण देशाच्या साडेबारा लाखांच्या आसपास असलेल्या लोकसंख्येचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग तिथे राहतो.

उरलेली सपाटी उसाची. चक्रीवादळात इतर पिके झोपतात, ऊस वाकून पुन्हा उभा राहतो, म्हणून तो इथे टिकला. पण लाव्हाची जमीन दगडांनी भरलेली होती, आणि ते दगड वेचण्याचे काम आधी गुलामांनी व १८३४ पासून भारतातून आलेल्या कंत्राटी मजुरांनी केले. शेतांच्या मध्ये रचलेले काळ्या दगडांचे ढीग आजही दिसतात. मुंबई बंदरातून गेलेल्या या मजुरांत कोकणातली माणसे होती. त्यांच्या वंशजांमुळे तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

प्रश्न : मॉरिशस हे एकच बेट आहे का?
(एक विद्यार्थिनी, पणजी)

उत्तर : नाही. मुख्य बेट सुमारे १८६५ चौरस किलोमीटरचे आहे. पूर्वेला साधारण ५६० किलोमीटरवर स्वायत्त कारभार असलेले रॉड्रिग्ज आहे, उत्तरेला सुमारे १००० किलोमीटरवर अगालेगा, आणि ईशान्येला सेंट ब्रँडनची प्रवाळ बेटे. चागोस बेटे ब्रिटनने १९६५ साली, म्हणजे १९६८ च्या स्वातंत्र्याआधीच, मॉरिशसपासून वेगळी केली आणि तिथल्या रहिवाशांना बाहेर काढले. हे वेगळे करणे बेकायदा होते, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ साली दिले.