बुर्का, बुरखा आणि बुरणूस

प्रश्न असा आला आहे: एका रशियन कथेच्या मराठी अनुवादात ‘म्हाताऱ्या कॉसॅकने बुरखा पांघरला आणि घोड्यावर मांड टाकली’ असं वाक्य आहे. कॉसॅक, म्हणजे रशियाच्या सीमाभागातले लढवय्ये घोडेस्वार. त्यांच्यातले पुरुष बुरखा घालायचे का?

नाही. मूळ शब्द ‘बुर्का’ आहे आणि आपल्या बुरख्याशी त्याचं काही नातं नाही. बुरखा मूळचा अरबी, चेहरा झाकणारा. रशियन बुर्क्याचा संबंध सहसा ‘बुरी’ म्हणजे तपकिरी या विशेषणाशी लावतात. हा बिनबाह्यांचा, लोकरीचा जाड झगा. खांद्यावरून खाली थेट घोड्याच्या पाठीपर्यंत पसरतो. तोंड उघडंच राहतं.

गंमत म्हणजे ही वस्तू कॉसॅकांची नव्हेच, रशियाच्या दक्षिणेकडच्या कॉकेशसच्या डोंगरातली आहे. तेरेक नदीच्या डाव्या तीरावर कॉसॅकांची गावं, पलीकडे चेचेन आणि कुमिक लोक, त्यांच्याही मागे दागेस्तानचे पहाड. तिथल्या अंदी गावचे बुर्के सर्वांत नावाजलेले. बायका लोकर पिंजून थर पसरायच्या, गरम पाणी शिंपडायच्या, गुंडाळी करून तासन्‌तास लाटायच्या. बाहेरच्या बाजूला लांब केस खाली झुकलेले ठेवायच्या, म्हणजे पाऊस निथळून जातो. डोंगरातून बुर्के, मध, मेण, लाकूड खाली यायचं. मीठ, मासळी, लोखंड, कापड वर जायचं. १७३५ मध्ये किझल्यारचा किल्ला उभा राहिला आणि ते या देवघेवीचं मोठं ठाणं झालं. लढाया चालू असतानाही व्यवहार पुरता थांबत नसे, कारण पलीकडच्या गावात आपला ‘कुनाक’ असे. तुर्की भाषांमधला हा शब्द, अर्थ पाहुणा. पण कॉकेशसमध्ये कुनाक म्हणजे ज्याच्या घरी तुमच्या जिवाची हमी, असा जोडलेला मित्र. याला ‘मित्र’ म्हणून सोडून देणारे अनुवाद वाचले की मला खरंच वाईट वाटतं.

मग बुर्क्याला मराठीत काय म्हणायचं? घोंगडी नको, ती विणलेली असते. आपल्याकडे न विणता, लोकर घोटून केलेल्या जाड कांबळ्याला ‘बुरणूस’ हा जुना, नेमका शब्द आहे. शब्द वेगळा, पण जात तीच. मी पहिल्यांदा ‘बुर्का’ तसाच ठेवून सोबत बुरणूस जोडेन: ‘म्हाताऱ्याने बुरणुसाचा जाडजूड बुर्का खांद्यावर टाकला आणि घोड्यावर मांड टाकली.’ पुढच्या पानापासून नुसता बुर्का पुरेल.