सरकारी की खासगी? आधी मागच्या बाकावर बसून बघ

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एका हातात सरकारी संशोधन संस्थेचं बोलावणं, दुसऱ्या हातात खासगी कंपनीचं, आणि काम दोन्हीकडे एकच: पायदळाची तुकडी पोटात घेऊन लढणारं चिलखती वाहन. 'यातलं चांगलं वाहन कोण बनवतं?' असं विचारलंयस. मी दोन्ही घरचं मीठ खाल्लंय, म्हणून सांगतो, हा प्रश्न जरा बाजूला ठेव. चूक निघाली की ती कोणाच्या खात्यावर पडते, ते आधी बघ.

खासगी म्हटलं की लोकांना बाजार आठवतो, स्पर्धा आठवते. इथे देशात गिऱ्हाईक एकच. ट्रक एकाने नाकारला तर दुसरा घेतो. लष्कराने नाकारलेलं चिलखती वाहन अंगणात गंजतं. म्हणून स्वतःच्या पैशाने असं वाहन उभं करणाऱ्या कंपन्या थोड्या. जर्मनीच्या ऱ्हाइनमेटल कंपनीने 'लिंक्स' हे वाहन तसं केलं. 2016 मध्ये ते लोकांपुढे आणलं, तेव्हा जर्मन लष्कराने 'पुमा' हे दुसरं वाहन आधीच ठरवलेलं होतं. पहिलं गिऱ्हाईक 2020 मध्ये मिळालं, हंगेरी, 218 वाहनांचं. पैसा आपला, गिऱ्हाईक अनोळखी, म्हणून त्यांनी खालचा सांगाडा एक ठेवून वरचा भाग कामाप्रमाणे बदलता येईल असं केलं. पण इतकी वर्षं कळ काढायला तिजोरीही तशीच लागते.

सरकारी बाजूची ताकद बघायची तर बीएमपी-1 हे सोव्हिएत वाहन बघ. 1966 मध्ये सेवेत आलं. बसकं, पाण्यात तरंगणारं, वर 73 मिलिमीटरची तोफ आणि रणगाडाभेदी क्षेपणास्त्र. गिऱ्हाईक शोधायचं नव्हतं, म्हणून हजारोंनी बनलं. आता मागची दारं बघ. ती पोकळ आहेत आणि त्यांत डिझेल भरतात. सैनिक ज्या वाटेने बाहेर उडी मारणार तीच इंधनाची टाकी! मागणारा, आखणारा आणि बनवणारा एकाच छपराखाली असले की 'हे मला चालणार नाही' असं म्हणणारा उरत नाही.

खासगी कारखान्यात हे होत नाही, असं मात्र समजू नकोस. अमेरिकेचं ब्रॅडली हे असंच वाहन खासगी कंपनीने बनवलं. 1980 च्या दशकात जेम्स बर्टन नावाच्या कर्नलने हट्ट धरला की इंधन आणि दारूगोळा भरलेल्या वाहनावर खरी शस्त्रं डागून बघा. त्याला सगळ्यात जास्त विरोध झाला तो सरकारी माणसांकडूनच, कारण वाहन त्यांनीच मागितलेलं होतं. शेवटी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, तशा चाचण्या कायद्यानेच सक्तीच्या कराव्या लागल्या.

आता माझं सांगतो. सरकारी संस्थेत आम्ही लाकडाचा पूर्ण आकाराचा नमुना केला होता. मागे आठ जागा. ड्रॉइंगमध्ये आठही माणसं अगदी नीट बसलेली. एक दिवस खरी तुकडी आली, बुलेटप्रूफ जॅकेट, थंडीचे कपडे आणि पाठीवरच्या पिशव्यांसकट. सातवा कसाबसा शिरला. आठव्याचे गुडघे समोरच्याच्या मांड्यांत अडकले आणि रॅम्प, म्हणजे मागचं खाली उघडणारं दार, बंद होईना. आम्ही ड्रॉइंगमध्ये माणूस काढला होता, सैनिक काढलाच नव्हता. ती दुरुस्ती कागदावर यायला वर्षावर गेलं; सात सह्या लागल्या.

पुढे खासगीत गेलो तर तिथेही हीच चूक, फक्त चार बोटांनी कमी. नऊ दिवसांत बाक हलला. मी खूश! मग कळलं, लष्कराला त्याचं 'बदल' म्हणून वेगळं बिल गेलंय, आणि नवीन ड्रॉइंग कंपनीच्या कपाटात कुलपात. वीस वर्षांनी सुटा भाग लागला तर त्याच दारात जायचं, ते म्हणतील त्या भावाने. सरकारी फाईल गोगलगाय होती खरी, पण बाक का हलवला ते तिच्यात लिहिलेलं होतं, आणि ती लष्कराची होती.

भारताच्या एफआयसीव्हीचं, म्हणजे पायदळासाठीच्या नव्या चिलखती वाहनाच्या योजनेचं, बघ. 2010 मध्ये एक सरकारी मंडळ आणि तीन खासगी कंपन्या रिंगणात होत्या. नमुन्याच्या खर्चाचे 80 टक्के सरकार देणार होतं. तरी त्या फेरीतून एकही वाहन तुकडीपर्यंत गेलं नाही. पैशाची सोय झाली म्हणजे वाहन झालं असं नसतं.

याउलट स्वीडनचं सीव्ही-90 हे वाहन. तिथल्या सरकारी खरेदी संस्थेने लष्कराची गरज पक्की केली, हेगलुंड्स आणि बोफोर्स या कंपन्यांनी त्यासाठी एक सामाईक कंपनी काढली, आणि 1993 पासून वाहनं मिळू लागली. पुढे नॉर्वे, फिनलंड, स्वित्झर्लंड यांनीही घेतली. मला त्यात आवडतं ते हे की मागणाऱ्याला आपल्याला काय हवंय ते ठाऊक होतं. ते ठाऊक नसलं की काय होतं, ते ब्रिटनच्या एजॅक्स या चिलखती वाहनात बघ. त्याचा 2014 चा करार 589 वाहनांचा. मागण्यांची यादी अफाट, आणि चाचण्यांत आवाज आणि हादऱ्यांनी आतली माणसं बेजार. टेहळणीचं वाहन ते मुख्यतः, पण दुखणं आपल्याच घरातलं.

तेव्हा मुलाखतीत पगार विचारून झाला की दोन्हीकडे हेही विचार. मध्येच मागणी बदलली तर खर्च कोण सोसतं? ड्रॉइंग कोणाच्या मालकीचं? आणि नापास झालेल्या चाचण्यांची वही नव्या माणसाला दाखवता का? तिसऱ्या प्रश्नावर समोरच्याचं तोंड नीट बघ.

जमलं तर नमुना बघायची परवानगी माग. पुढे ड्रायव्हरच्या जागेकडे सगळेच धावतात. तू मागे जा, पूर्ण जामानिमा अंगावर चढव, रॅम्प बंद करायला सांग आणि अर्धा तास बस. मग मला लिही, गुडघे कुठे टेकले ते.

तुझा,
एक जुना वेल्डिंगवाला इंजिनीअर