आधी ब्रेक, मग पॉवर: हॉट हॅच आणि ट्रॅक डे, वाचकांचे प्रश्न

ट्रॅक डेबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि ढीगच लागला, आणि त्यातले निम्मे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, पॉवर किती वाढेल हो? उरलेल्या निम्म्यातले काही इथे घेतलेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हॉट हॅच म्हणजे जास्त ताकदीची छोटी हॅचबॅक, आणि ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे. पैसे भरायचे, बंद सर्किटवर आपलीच गाडी पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये पळवायची, ओव्हरटेक करायचं ते ठरलेल्या जागीच आणि पुढच्याने वाट दिली तरच, पहिला-दुसरा नंबर वगैरे भानगड नाही. आणि संध्याकाळी त्याच गाडीने घरी यायचं, हे शेवटचं वाक्य फार जण विसरतात.

प्रश्न: रोज ऑफिसला याच गाडीने जायचंय आणि अधूनमधून ट्रॅकवर न्यायचीये. माझ्या डोक्यात होंडाची सिव्हिक टाइप आर, एफके८ पिढीची, बसलीये. मित्र म्हणतो आधीच्या पिढीची फोर्ड फिएस्टा एसटी घे आणि वाचलेले पैसे टायर-ब्रेकमध्ये घाल. कोणाचं ऐकू?

मित्राचं ऐका. टाइप आर वाईट आहे असं अजिबात नाही, ३२० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), पुढच्या चाकांना लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एलएसडी, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा), ब्रेम्बोचे ब्रेक, कंपनीतूनच ट्रॅकसाठी तयार होऊन आलेली गाडी आहे ती. पण तिचं वजन चौदाशे किलोच्या आसपास, आणि ट्रॅकवरचा खर्च हा घेताना भरलेल्या पैशांवर ठरत नाही, तो वजन आणि वेग यांच्यावर ठरतो, म्हणजे टायर, पॅड, डिस्क, पेट्रोल सगळंच. २०१३ ची फिएस्टा एसटी १८२ पीएसची आणि बाराशे किलोच्या आतली, टायर लहान, पॅड लहान, त्यामुळे सेशनमागे होणारी झीजही कमी. शिवाय शिकायला ती बरी, कारण तिची लिमिट कमी वेगात येते आणि चूक झाली तर ती सत्तर-ऐंशीच्या स्पीडला होते, दीडशेला नाही. फक्त त्या पिढीत खरा एलएसडी नाही, २०१८ च्या पुढच्या दीड लिटरवालीत क्वाइफ कंपनीचा तसा डिफरन्शियल ऑप्शन म्हणून मिळायचा, तशी एखादी हाताला लागली तर सोडू नका.

अजून हलकं हवं असेल तर स्विफ्ट स्पोर्ट, १.४ टर्बो, १४० पीएस, पण हजार किलोच्या आत. सरळ रस्त्यावर बाकीचे तुम्हाला सोडून जातील, जाऊ द्या, ब्रेकिंगला परत भेटतात. टोयोटाची जीआर यारिस म्हणाल तर फोर व्हील ड्राइव्ह, तीन सिलिंडर, सुरुवातीच्या गाड्यांत २६१ पीएस, गाडी भन्नाट आहे, पण पहिलीच ट्रॅकची गाडी म्हणून ती घेतली तर चूक कुठे होतेय ते ती कळूच देत नाही.

जुन्या प्रेमाबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून सांगतो. १९७६ ला विक्रीला आलेली पहिली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ११० पीएसची होती आणि वजन जेमतेम आठशे किलोच्या वर, त्यावरून कळतं की हा सगळा प्रकार हलकेपणावर उभा राहिलाय. पण प्युजो २०५ जीटीआय किंवा १९९७ ची पहिली सिव्हिक टाइप आर आता ट्रॅकवर घासायच्या गाड्या राहिलेल्या नाहीत, किमतीच तशा झाल्यात. त्यात २०५ ला ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) नाही, आणि कॉर्नरच्या मधोमध घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की तिचं मागचं टोक पुढे यायला बघतं हे जगजाहीर आहे.

कुठलीही घ्या, एक गोष्ट पाळा, स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच घ्या. दुसऱ्या कोणीतरी मॉडिफाय केलेली गाडी म्हणजे त्याचे अर्धवट सोडलेले प्रयोग तुमच्या गळ्यात.

प्रश्न: पहिल्याच ट्रॅक डेला चौथ्या लॅपनंतर ब्रेक पेडल सरळ खाली गेलं, पंप मारून मारून कशीबशी गाडी थांबवली. आता मोठ्या कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बिग ब्रेक किट टाकायचं म्हणतोय. कोणतं घेऊ?

थांबा, किट नंतर. आधी नेमकं काय झालं ते बघू, कारण ब्रेक जाण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि पायाला ते वेगळे कळतात. पेडल घट्ट आहे, पाय दाबतोय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून त्याची पकड गेली. पेडलच मऊ होऊन खाली गेलं, तर ब्रेक ऑइल उकळलं. तुमचं दुसरं झालंय. उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, मग पायाचा सगळा जोर ते बुडबुडे चेपण्यातच जातो.

आकडाच बघा. बाराशे किलोची गाडी ताशी १६० वरून ६० वर आणायची म्हणजे साधारण १० लाख ज्यूल ऊर्जा त्या चार डिस्कमध्ये ओतायची, त्यातही बहुतेक पुढच्या दोनमध्ये, आणि हे एका लॅपमध्ये चार-पाच वेळा. रस्त्यावर असं सलग कधीच होत नाही म्हणून रस्त्यावर तेच ब्रेक उत्तम वाटतात. डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू नवं असताना कमीत कमी २३० डिग्री असावा लागतो, पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १५५ वर येतो. दोन-तीन वर्षं न बदललेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर गेलात तर चार लॅप म्हणजे नशीबच म्हणायचं.

तर मेकॅनिककडे जाऊन ब्रेकची हवा काढताना स्वतः शेजारी उभे राहा. निपलला पारदर्शक नळी लावली की दिसतं सगळं, आधी गडद तपकिरी ऑइल येतं, मग त्यात बारीक बारीक बुडबुड्यांची माळ, आणि मग स्वच्छ फिकट पिवळं ऑइल सलग यायला लागतं, तोपर्यंत थांबायचं नाही. कोरडा उकळबिंदू ३०० च्या वर असलेलं रेसिंग डॉट ४ भरा आणि ते वर्षातून एकदा तरी, जास्त ट्रॅक करत असाल तर दर दोन-तीन ट्रॅक डेनंतर बदला. सिलिकॉनवालं डॉट ५ मात्र भरू नका, ते डॉट ४ मध्ये मिसळत नाही, आणि डॉट ५.१ हा वेगळा प्रकार आहे, नावाला फसू नका.

मग पॅड. फास्ट रोड आणि ट्रॅक दोन्हीला चालेल असा मधला पॅड घ्या. शुद्ध रेस पॅड थंड असताना धरत नाही, म्हणजे सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्या सिग्नलला तुमची फजिती, शिवाय किंचाळतो, डिस्क खातो, आणि युरोपात रस्त्यावरच्या पॅडला ईसीई आर९० मान्यता लागते ती अशा पॅडला बहुधा नसते. पॅड काढून बघायची सवय लावा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झिजला असेल तर कॅलिपरच्या पिना अडकतायत किंवा कॅलिपर तापून फाकतोय, आणि पॅडमागचा पत्रा दिसेपर्यंत वाट बघायचीच नाही, अर्ध्यावर आला की ट्रॅकवरून बाद, कारण पॅड जितका पातळ तितकी उष्णता लवकर ऑइलपर्यंत पोचते.

एवढं करून, शिवाय पुढच्या ब्रेकला हवा जाईल असा डक्ट करूनही जर ब्रेक कमी पडले तरच किटचा विचार करा. किट टाकलं की पुढच्या-मागच्या ब्रेकचा बॅलन्स बदलतो, चाकं आत बसतील का तेही बघावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी कागदोपत्री मंजुरीही लागते.

आणि फुकटातली गोष्ट, सेशनची शेवटची लॅप ब्रेकला जवळजवळ हात न लावता मारायची. पार्क करताना हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची, आणि पेडलवर पाय ठेवून उभं राहायचं नाही, नाहीतर तापलेल्या पॅडचा छाप डिस्कवर बसतो आणि मग घरी जाताना स्टिअरिंग थरथरतं, लोक म्हणतात डिस्क वाकली.

प्रश्न: गाडी कॉर्नरला सरळच जाते, वळतच नाही, आणि पुढच्या टायरांची बाहेरची कड एका दिवसात साफ झाली. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन) टाकून गाडी खाली करू का?

बाहेरची कड गेली हेच तुमचं उत्तर आहे. बहुतेक हॉट हॅचना पुढे मॅकफर्सन स्ट्रट नावाचं सस्पेन्शन असतं, गाडी कलली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर कलतं आणि टायर कडेवर उभा राहतो. कंपनीचा कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) बहुतेकदा एक अंशाच्याही आत असतो. तो उणे दोन ते अडीच अंशांवर न्या, कॅम्बर प्लेटने किंवा कॅम्बर बोल्टने, पुढचा टो (वरून बघताना चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते) शून्याजवळ ठेवा, आणि मग परत ट्रॅकवर जा, बहुतेकांना इथेच गाडी बदलल्यासारखी वाटते. रोजच्या वापरात आतली कड जाईल अशी भीती असते, पण ती खाण्यात कॅम्बरपेक्षा चुकीच्या टोचा हात जास्त असतो.

गाडी खाली करण्याबद्दल म्हणाल तर दोन बोटं ठीक, त्याखाली नको. मॅकफर्सनमध्ये फार खाली आणली की खालचा आर्म उलटा वर जातो, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली पडतो, म्हणजे खाली केलेली गाडी उलट जास्त कलायला बघते, आणि शॉकअपला चालायला जागाच उरत नाही. दिसते छान, एवढंच. त्यापेक्षा मागचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) थोडा जाड करा, सरळ जायची ओढ कमी होते, मात्र पावसात पहिल्या दिवशी जपून, कारण आता मागचं टोक आधीपेक्षा लवकर सुटेल.

हवेकडे बघितलंत का? टायर तापला की प्रेशर सहा-आठ पीएसआय सहज चढतं, म्हणून सेशनहून आल्या आल्या गरम असतानाच गेज लावायचा आणि चारही चाकांचे आकडे लिहून ठेवायचे. बऱ्याच टायरांच्या खांद्यावर एक छोटा त्रिकोण असतो, झीज त्याच्या टोकापर्यंत आली की बरोबर, त्रिकोण ओलांडून बाजूच्या भिंतीवर गेली की हवा कमी किंवा कॅम्बर कमी, आणि त्याच्या आतच राहिली तर हवा जास्त. घरी निघताना मात्र रोजचं प्रेशर परत भरा.

टायरबद्दल एवढंच की ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा त्यावरचा आकडा) २०० च्या आसपासचा, रस्त्यावर कायदेशीर असलेला टायर पुरे. अगदी चिकट सेमी-स्लिकवर सुरुवात केलीत तर टायर तुमच्या चुका झाकेल, आणि परतीच्या वाटेवर पाऊस आला तर रस्त्यावर पाणी साचलेलं असताना त्या टायरला खाचा जेमतेमच असतात.

प्रश्न: स्टेज १ रीमॅप?

ते सगळ्यात शेवटी करायचं. टर्बो गाडीत लॅपटॉप लावून इंजिनचं सॉफ्टवेअर बदललं, रीमॅप म्हणजे हेच, की ताकद वाढते हे खरंच आहे, पण तिसऱ्या लॅपला इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) तापला की ईसीयू (इंजिनचा संगणक) स्वतःच ती काढून घेतो, आणि जी उरते ती पुढची चाकं जागच्या जागी फिरवण्यात जाते. क्लच किती टॉर्क झेलतो तेही बघा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बदललेलं सॉफ्टवेअर बहुतेकदा सापडतं आणि वॉरंटीवर बोट ठेवतात. रीमॅपच्या आधी ऑइल टेम्परेचरचा गेज लावा, १३० डिग्रीच्या वर जायला लागलं की सेशन सोडून बाहेर या, आणि लांब कॉर्नरला ऑइल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडतो अशी ज्या इंजिनांची ख्याती आहे त्यांना संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) बॅफल, म्हणजे ऑइल अडवणारी पट्टी, बसवून घ्या.

प्रश्न: मागची सीट काढून रोल केज (गाडीच्या आतला पाइपांचा सांगाडा), बकेट सीट आणि चार-पॉइंट हार्नेस (रेसिंगचा पट्टा) बसवायचाय. मुलांना शाळेत सोडायलाही हीच गाडी आहे.

मग केज नको, स्पष्टच सांगतो. केज हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी असतो. रस्त्यावर हेल्मेट नसताना साध्या धडकेतही डोकं त्या पाइपवर आपटतं, पॅडिंग लावलं तरी ते पुरेसं नाही, आणि मागे मुलं बसणार असतील तर विषयच संपला.

हार्नेसचंही तसंच अर्धवट काम धोक्याचं. चार पॉइंटमध्ये पायांमधला पट्टा नसतो, धडक बसली की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात आणि माणूस त्याखालून सरकतो, पोटाला मार बसतो. शिवाय हार्नेस शरीर सरळ जखडून ठेवतो, गाडी उलटून छत चेपलं तर वाकायला जागा नाही. म्हणून हार्नेस, बकेट सीट आणि केज हे एकत्रच येतात, नाहीतर कंपनीचा बेल्ट आणि एअरबॅग हीच सगळ्यात चांगली जोडी. सीट बदलताना साइड एअरबॅग जाते हेही लक्षात असू द्या. कॉर्नरला शरीर घसरतं एवढाच त्रास असेल तर सीट पुढे घ्या, बेल्ट झटक्याने लॉक करून कमरेला घट्ट ओढा, खूप फरक पडतो.

पैसे हेल्मेटला घाला. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए लिहिलेलं घ्या, एम लिहिलेलं मोटरसायकलचं असतं, त्यात आगीची चाचणी नसते.

प्रश्न: इन्शुरन्स चालतो का ट्रॅकवर? आणि मोठा सायलेन्सर?

बहुतेक रोजच्या पॉलिसीत ट्रॅक वगळलेला असतो, पॉलिसी काढून शब्द न् शब्द वाचा, काही ठिकाणी एका दिवसाचं वेगळं कव्हर मिळतं. मॉडिफिकेशन मात्र लपवू नका, उद्या साध्या रस्त्यावर धडक झाली तरी तेवढ्यावरून क्लेम अडतो. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर पब्लिक सेशनला जायचं स्वप्न असणाऱ्यांसाठी, २०.८ किलोमीटरचा तो ट्रॅक त्या वेळी टोलचा रस्ता मानला जातो, वाहतुकीचे नियम लागू असतात आणि लॅप टायमिंग बंद.

सायलेन्सरचं म्हणाल तर सर्किटला आवाजाची मर्यादा असते, बरेच जण गेटवरच डेसिबल मीटर लावतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढलेली गाडी रस्त्यावर बहुतेक देशांत बेकायदाच. एवढा प्रवास करून गेटवरून परत यायचं असेल तर टाका.

प्रश्न: ईएसपी बंद करूनच चालवायची ना? सगळे तसंच सांगतात.

सगळे म्हणजे कोण? पहिले काही ट्रॅक डे चालू ठेवा, स्पोर्ट मोड असेल तर त्यात. दर कॉर्नरला डॅशवरचा दिवा लुकलुकतोय याचा अर्थ तुम्ही स्टिअरिंग जास्त फिरवताय नाहीतर ॲक्सिलरेटर लवकर देताय, तो दिवा फुकटचा इन्स्ट्रक्टर आहे. फक्त एक तोटा, ज्या गाड्यांत एलएसडीच्या ऐवजी आतल्या चाकाला ब्रेक लावून काम भागवतात त्यांत पुढचे ब्रेक तुम्ही पेडल न दाबताच तापत राहतात, आणि ईएसपी सतत हस्तक्षेप करत असेल तर मागचे पॅडही लवकर जातात. तेव्हा अशी गाडी असेल तर सेशन लहान ठेवा, मागचे पॅड पुढच्यांइतकेच तपासा, आणि चाकांचे नट दर सेशननंतर चाकं निवली की मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने बघा.