वाचक विचारतात : फेअरबँक्सचा हिवाळा

प्रश्न : आम्ही सिएटलला असतो. नाताळच्या सुट्टीत सत्तरीतले आई-बाबा पुण्याहून येणार आहेत. अरोरा (रात्रीच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश) बघायला त्यांना अलास्कात फेअरबँक्सला न्यावं का?

उत्तर : तारीख तुमच्या हातात असेल तर मार्च धरा. २१ डिसेंबरला फेअरबँक्सचा दिवस पावणेचार तासांतच आटोपतो आणि पारा उणे ३० सेल्सिअसपर्यंत उतरला तरी तिथं कुणाला नवल वाटत नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस-रात्र सारखी असते, आकाश जास्त वेळा निरभ्र मिळतं आणि विषुवदिनाच्या सुमारास अरोराचा जोरही वाढतो. दिवसा बघण्यासारखं बरंच असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फशिल्पांची मोठी स्पर्धा भरते. विद्यापीठाचं म्युझियम ऑफ द नॉर्थ आहे. उत्तरेला स्टीस हायवेलगत तेलाची पाइपलाइनही जवळून बघता येते. १,२८७ किलोमीटर लांबीच्या या पाइपलाइनच्या खांबांवरचे धातूचे पंख (फिरणारे पंखे नव्हेत) नीट बघा. खांबांतल्या नळ्यांमधला अमोनिया जमिनीतली उष्णता वर आणून हवेत सोडतो, त्यामुळे कायम गोठलेली जमीन वितळून खांब खचत नाहीत.

अरोरासाठी किमान तीन रात्री ठेवा. केपी आकडा (अरोराचा जोर सांगणारा ० ते ९ मधला अंक) १-२ असला तरी निराश होऊ नका, कारण फेअरबँक्स अरोराच्या पट्ट्याखालीच येतं. खरी अडचण ढगांची. रात्री दहा ते तीनपर्यंत जागायची तयारी हवी. फोटोतला गर्द हिरवा रंग डोळ्यांना बहुतेकदा फिकटच दिसतो, हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : भाड्याच्या गाडीनं आर्क्टिक सर्कलपर्यंत (उत्तर ध्रुववृत्तापर्यंत) जाता येईल का?

उत्तर : हिवाळ्यात नको. फेअरबँक्सहून अंतर साधारण ३२० किलोमीटर, पण त्यातला मोठा भाग डाल्टन हायवेचा. तो खडीचा रस्ता मुळात ट्रकांसाठी, आणि भाड्याच्या बहुतेक गाड्यांना करारानंच तिथं मनाई असते. मनाई मोडून गेलात आणि गाडी घसरली, तर विमा हात वर करतो आणि ओढून आणायचा खर्च तुमच्या माथी. मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच. हिवाळ्यात पेट्रोलचा भरवशाचा मुक्काम कोल्डफूट, म्हणजे सर्कलच्याही पुढे जवळपास १०० किलोमीटर. त्यापुढे रस्त्याच्या टोकाच्या डेडहॉर्सपर्यंत ३८५ किलोमीटर काहीच नाही. सहलीच्या व्हॅननं जा. जाऊन-येऊन बारा तासांहून जास्त लागतात, एवढं बसणं आई-बाबांना झेपेल का ते आधी बघा.

शहरात गाडी वापरायला हरकत नाही. पुढच्या जाळीतून विजेची वायर लोंबत असेल, ती इंजिन हीटरची. उणे ३०च्या आसपास इंजिन ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीची ताकद बरीच घटते, म्हणून गाडी सुरू करण्याआधी दोन-तीन तास तरी वायर प्लगला लावलेली असावी. हॉटेल घेताना पार्किंगमध्ये प्लग आहे का, हे विचारा. सकाळी गाडी पहिली काही मिनिटं धडधडते, कारण रात्रभर उभं राहून टायर खालून चपटे झालेले असतात. हळू चालवलंत की ते गोल होतात. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, कुठं अडकलात तर हीटर त्याच पेट्रोलवर चालणार.

प्रश्न : कपडे कुठले? आणि चेना हॉट स्प्रिंग्जला (गरम पाण्याच्या झऱ्यांवर) न्यावं का?

उत्तर : अंगालगत सुती काही नको, घाम धरून ठेवतं. मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाड जॅकेट. बूट एक नंबर मोठे घ्या. दोन मोज्यांवर बूट घट्ट बसला की रक्तप्रवाह अडतो आणि बोटं आधी गारठतात. लोकरीची माकडटोपी इथं निःसंकोच घाला. धातूचे कानातले मात्र काढून ठेवा. बोटं पांढरी, बधिर पडली तर चोळू नका. आत येऊन ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा आणि डॉक्टरांना दाखवा.

चेना शहरापासून सुमारे ९६ किलोमीटरवर. उघड्यावरच्या तळ्यात १८ वर्षांवरच्यांनाच प्रवेश, मुलांसाठी आतला तलाव. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून मगच उतरा. बर्फाचं संग्रहालय चुकवू नका : ते वर्षभर गोठवून ठेवणारं शीतयंत्र तिथल्याच गरम झऱ्याच्या उष्णतेवर चालतं.

प्रश्न : थंडीत कॅमेरा बंद पडतो म्हणतात, काय करावं?

उत्तर : जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. सुरुवात आयएसओ १६००, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ २.८, शटर उघडं ठेवायची वेळ १० सेकंद. फोकस हातानं ताऱ्यावर. लेन्सवर फुंकर मारू नका, वाफ तिथंच गोठते. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून दोन-तीन तास तसाच ठेवा, म्हणजे दव पिशवीवर साचेल, लेन्सवर नाही.