आजीच्या डब्यातला रुपया

गुहागर, आषाढ

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. आधी चष्मा लावून पाहिले, मग नातवाकडून मोठे करून घेऊन पाहिले. आजीच्या डब्यातली सगळी नाणी ग्रेडिंगला पाठवू का, असं तू विचारतेस. सगळी नको. फार तर एक, तेही नीट विचार करून.

त्याआधी एक काम करू नकोस. ती घासू नकोस. फोटोत शिवराईच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याच्या, शेजारी चिंचेचा गोळा दिसतोय, म्हणून घाईने लिहितोय. बँकेत लागलो त्या वर्षी गणपतीत देवाची तांब्याची भांडी आमसुलाच्या पाण्याने घासायला काढली होती. मी हौसेने वडिलांची शिवराईही त्यात टाकली. 'श्री राजा शिव' ही अक्षरं काळ्याशार तांब्यावर किती सुरेख उठून दिसायची! पाच मिनिटांत ती खरचटलेल्या कातडीसारखी गुलाबी झाली. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेने दोन पावसाळ्यांत पुन्हा काळी पडली, पण ठिगळं लावल्यासारखी. दीडदोनशे वर्षांची छटा मी पाच मिनिटांत धुऊन टाकली. आई म्हणाली, "स्वच्छ तर झाली!" तिला काय सांगणार?

आता ग्रेडिंग म्हणजे काय ते सांगतो. नाणं ग्रेडिंग करणाऱ्या कंपनीकडे पाठवायचं, तिथले जाणकार ते खरं आहे का ते तपासतात, झीज आणि ओरखडे भिंगाखाली पाहतात आणि 1 ते 70 मधला एक आकडा देतात. मग ते टणक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद होतं. या डबीला स्लॅब म्हणतात. 60 किंवा त्यापुढचं नाणं म्हणजे चलनात न फिरलेलं. हे 70 कुठून आले? शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1949 साली तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी ही मोजपट्टी मांडली. एक गुणाच्या नाण्याची जी किंमत, तिच्या सत्तरपट परिपूर्ण नाण्याची, असा त्याचा हिशेब होता. किमतीचं ते गणित केव्हाच मोडलं, आकडे मात्र राहिले. नाणं घासलेलं, भोक पाडलेलं किंवा दागिन्यातून काढलेलं असेल, तर सहसा आकडा मिळत नाही. नाणं खरं, पण इजा झालेलं, एवढाच शेरा मिळतो.

म्हणून तुझ्या 1918 च्या रुपयाबद्दल सावकाश लिहितो, कारण तुझा जीव त्यातच अडकलाय. राजाच्या मुकुटाच्या खाचांत कुंकू बसलंय. कानाची पाळी झिजून सपाट झालीय. डोक्याच्या बरोबर वर, काठावर, एक करडा ओबडधोबड फुगवटा आहे बघ. तिथे सोनाराने झाळ लावून कडी जोडली होती आणि पुढे कधीतरी ती काढली. आजीच्या गळ्यात होता का, की पणजीच्या? तुझ्या आईला विचार. मागच्या बाजूला तळाशी कमळाचं फूल आहे, त्याखाली मोहरीएवढा ठिपका सापडतो का पाहा. सापडला तर तो मुंबईच्या टांकसाळीचा.

त्या वर्षी कलकत्ता आणि मुंबई मिळून चाळीस कोटींच्या वर रुपये पाडले गेले. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि चांदी इतकी टंचाईत, की अमेरिकेने आपले डॉलर वितळवून हिंदुस्थानसाठी चांदी विकली. इतकं मुबलक नाणं, त्यात कडीची खूण. बाजारात त्याला चांदीच्या भावाहून फार जास्त कोणी देणार नाही, आणि ग्रेडिंगवाले त्या फुगवट्यावर बोट ठेवून शेरा मारतील. तुझ्यासाठी जी आठवण, तीच त्यांच्या लेखी खोट. त्यात त्यांचं चुकत नाही. ते धातू तपासतात, तुझी आजी नाही.

आमच्या आळीतल्या एका मुलाने आईचा लक्ष्मीपूजनाचा रुपया असाच डबीत घालून आणला. मोठ्या कौतुकाने तिच्या हातात दिला. तिने डबी उलटीसुलटी केली आणि विचारलं, "आता ह्याला हळदकुंकू लावू कुठे?" दिवाळीत मग तिने प्लास्टिकवरच बोट टेकवलं. तुझ्या रुपयाचं असं करू नकोस. त्याचं वजन मात्र कर. नवा असताना तो 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा होता. सोनार सोनं तोलायला तोच पारड्यात टाकायचे, 'रुपयाभार' हा शब्द तिथला. जितका कमी भरेल, तितका आपल्या माणसांच्या हातांनी झिजलाय.

राणीचा 1862 चा रुपया मात्र वेगळा. केसांच्या बटा अजून मोजता येतात. 1862 हे वर्ष कोरलेले रुपये 1874 पर्यंत पाडत होते, आणि मुंबईच्या रुपयांवर वर्षाखालचे ठिपके मोजून नाण्याचा प्रकार ठरवतात. काही प्रकार सहज सापडतात, काही नाही. ग्रेडिंगचा खर्च निघेल असं डब्यात काही असेल, तर हेच. उजेड तिरपा पाडून ठिपक्यांचा फोटो पाठव, मग ठरवू.

पण परदेशी पाठवायचं नाही. शंभर वर्षं झालेलं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. कोणी एजंट "आम्ही बघून घेतो" म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. काम देशातच होणार, हे आधी लेखी घे.

1947 चा रुपया चुंबकाला चिकटला म्हणून तू घाबरलीस. तो निकेलचा आहे, निकेल चिकटतंच. चांदी चिकटली असती तर घाबरायचं होतं. भोकाचे तीन पैसे युद्धात तांबं वाचवायला केलेले, त्यांची किंमत फारशी नाही. भाच्याला खेळायला दे. मी लहानपणी सुतळीत ओवून कमरेला बांधायचो.

राहिला पावसाळा. नाणी त्या मऊ प्लास्टिकच्या अल्बममधून आजच काढ. त्या प्लास्टिकमुळे नाण्यावर हिरवट चिकटा धरतो आणि आपल्याकडे तर तो श्रावण संपायच्या आत दिसतो. प्रत्येक नाणं कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेव. सगळी पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत औषधाच्या बाटलीत येतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या. पाकिटावर पेनाने लिही, पण नाणं आत घालायच्या आधी: कोणाचं, कुठून आलं, कोणी सांगितलं. आईला आठवतंय तोवर तिच्याकडून लिहून घे. 1918 च्या पाकिटावर कडी कोणी काढली तेही लिही. कोणत्या अडचणीत काढली असेल, ते ती कदाचित चटकन सांगणार नाही. दोनदा विचार.

गणपतीला येशील तेव्हा डबा घेऊन ये. पतपेढीतल्या मित्राचा सोनं तोलायचा काटा मागून ठेवतो. चिंच मात्र तिकडेच ठेव.

तुझा,
काका