प्रिंटर ‘ऑफलाइन’ का दिसतो?

प्रश्न : घरच्या वायरलेस प्रिंटरवर सकाळी छपाई नीट होते. मग तो तीन-चार तास नुसता पडून राहिला की लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’ दिसतो. बंद करून चालू केला की पुन्हा सुरळीत. ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, तरी तेच. आता प्रिंटरच बदलावा का?

उत्तर : बदलू नका. बंद-चालू केल्यावर छपाई होते, म्हणजे यंत्र चांगलं आहे. ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकण्यातही वेळ घालवू नका. आधी एकच गोष्ट शोधायची आहे : प्रिंटर वायफायवरून खरोखर सुटतोय, की तो जागेवरच आहे आणि लॅपटॉप त्याला चुकीच्या पत्त्यावर शोधतोय? बंद-चालू केल्याने दोन्ही तात्पुरतं मिटतं, म्हणूनच खरं कारण हाती लागत नाही.

प्रिंटर नीट चालत असताना त्याच्या मेनूतून नेटवर्कचा रिपोर्ट छापून घ्या. त्यावर आयपी ॲड्रेस, म्हणजे प्रिंटरचा घरच्या नेटवर्कवरचा पत्ता (समजा, १९२.१६८.१.४७) आणि मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रिंटरचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. पुढच्या वेळी ‘ऑफलाइन’ दिसलं की प्रिंटरला हात लावू नका. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) उघडा, ‘पिंग’ (ping) टाइप करा, एक जागा सोडून तो आयपी ॲड्रेस लिहा आणि एंटर दाबा. विंडोज चार वेळा हाक मारतं. पहिल्या एक-दोन ओळींत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आणि नंतर उत्तरं आली, तर प्रिंटर वायफायवर आहे, फक्त झोपेतून जागा व्हायला वेळ घेतोय. एक ओळ मात्र फसवते : ‘रिप्लाय फ्रॉम’च्या पुढे लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता आणि ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. खाली ‘लॉस्ट’समोर शून्य दिसतं, तरीही याचा अर्थ प्रिंटर सापडला नाही असाच घ्यायचा.

उत्तर येतंय आणि तरीही ‘ऑफलाइन’ दिसतंय, तर दोष लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आहे. ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ हा टॅब उघडा. पोर्ट म्हणजे लॅपटॉप ज्या वाटेने प्रिंटरकडे काम पाठवतो ती. टिक केलेल्या पोर्टच्या नावात ‘डब्ल्यूएसडी’ असेल, तर बहुधा तेच मूळ आहे. या पद्धतीत विंडोज नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून हाक देतं आणि प्रिंटरने ओ देण्याची वाट पाहतं. झोपलेले पुष्कळ प्रिंटर अशा सार्वजनिक हाकेला उत्तर देत नाहीत, नाव-पत्त्यानिशी आलेल्या कामाला मात्र उठतात. तेव्हा ‘ॲड पोर्ट’ दाबा, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा आणि प्रिंटरचा आयपी ॲड्रेस द्या. मग ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये जाऊन ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’वरची टिक काढा. ती असेल तर विंडोज प्रिंटरची खुशाली विचारत राहतं, आणि उत्तर न आल्यास चांगल्या प्रिंटरलाही ‘ऑफलाइन’ ठरवतं. छपाईसाठी या टिकची गरज नाही.

पिंगला उत्तरच नसेल, तर प्रिंटर बंद न करता दुसरा रिपोर्ट छापा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. आयपी ॲड्रेस बदललेला दिसला, तर राउटरने दिलेला पत्ता मुदत संपून गेला आणि प्रिंटरला दुसरा मिळाला. राउटर पत्ते कायमचे देत नाही, ठरावीक मुदतीने देतो. अनेक घरगुती राउटरवर ती २४ तासांची असते. मुदतीच्या आतच पत्ता वाढवून घेणं हे प्रिंटरचं काम. काही प्रिंटर झोपेत ते चुकवतात. उपाय राउटरवर करा : सेटिंगमधल्या डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या) पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा आणि मॅक ॲड्रेससमोर आयपी ॲड्रेस लिहून तो राखून ठेवा. प्रिंटरच्या मेनूत हाताने पत्ता भरण्यापेक्षा हे बरं, कारण राउटरला त्याची खबर नसेल तर तोच पत्ता तो एखाद्या फोनला देऊन बसतो. वर सांगितलेला पोर्टही हे आरक्षण झाल्यावरच टिकतो, म्हणून खरं तर सुरुवात इथूनच करावी.

नव्या रिपोर्टवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. ‘नॉट कनेक्टेड’ असेल, तर वायफाय तुटलंय. अशा वेळी राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय वेगळ्या नावाने सुरू करा आणि प्रिंटर त्यावर जोडा. बरेच घरगुती प्रिंटर तेवढंच ओळखतात, आणि २.४ व ५ गिगाहर्ट्‌झ या दोन्ही बँडना एकच नाव असलं की काही राउटर उपकरणांना ५ गिगाहर्ट्‌झकडे ढकलू पाहतात. चॅनेल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठरवून द्या, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ अशी मिश्र असेल, तर त्या नावापुरती फक्त डब्ल्यूपीए२ करून पाहा. हे सगळं एकदम बदलू नका. एक बदल करा, प्रिंटर रात्रभर नुसता पडून राहू द्या, सकाळी पिंग करा. नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

प्रश्न : फोनवरून छापलं जातं, त्याच वेळी लॅपटॉपवर मात्र प्रिंटर ‘ऑफलाइन’. असं कसं?

उत्तर : लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट) चालू आहे का ते पाहा. अनेक व्हीपीएन घरातल्या नेटवर्कचा रस्ता बंद करतात. ते तोडून छापा. व्हीपीएन नसेल तर लॅपटॉप ‘गेस्ट’ वायफायवर नाही ना, हे तपासा. तिथून घरातली इतर उपकरणं सहसा दिसत नाहीत. तेही नसेल, तर प्रिंटरच्या रांगेची खिडकी उघडून ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर चुकून टिक झालीय का बघा.

प्रश्न : तोवर रोज भिंतीवरच्या बटणाने बंद-चालू केला तर चालेल ना?

उत्तर : इंकजेट असेल तर नको. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की शाई सोडणारं हेड कडेला जाऊन झाकणाखाली बसतं. मधेच वीज तोडली तर ते उघडं राहू शकतं आणि शाई सुकून त्याची बारीक छिद्रं तुंबतात. शिवाय वीज तोडून पुन्हा दिली की पुष्कळ मॉडेल हेड साफ करून घेतात आणि त्यात शाई जाते. बंद करायचाच असेल तर प्रिंटरचं बटण दाबा, आतला आवाज पूर्ण थांबू द्या, आणि भिंतीवरचं बटण चालूच ठेवा. मेनूत ‘ऑटो ऑफ’ असेल तर तेही काढून टाका : ‘स्लीप’मधला प्रिंटर वायफायवरून उठवता येतो, ‘ऑटो ऑफ’ने बंद झालेला बहुतेक वेळा हातानेच चालू करावा लागतो.