पारडू पोसायचं कुणी?

प्रश्न : माझ्या आजोबांचा कळव्याला तबेला होता. ते सांगायचे, महायुद्धात मांसाची टंचाई पडली तेव्हा सरकारनेच वासरं कापायला बंदी घातली. टंचाईत उलट जास्त कापायला नको का? आज माझ्या तीन म्हशींना रेडकं झाली आहेत. दूध 80 रुपये लिटरने जातं. ती ठेवून काय करू?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आजोबा खरं सांगायचे. लष्कराच्या मागणीने गुरं झपाट्याने घटली. म्हणून 1944 मध्ये सरकारने तीन वर्षांखालची जनावरं, कामाचे बैल, गाभण आणि दुभत्या गाई कापायला मनाई केली. नुकतं जन्मलेलं रेडकू तीसेक किलोचं, त्यातही हाडंच जास्त. दोन-अडीच वर्षं नीट पोसलं तर तेच अडीचशे किलोच्या वर जातं. आज कापणं म्हणजे पेरणीआधी बियाणं खाणं.

आपल्याकडे 1976 च्या पशुसंरक्षण कायद्यानेही म्हशीचं पारडू सरकारी दाखल्याशिवाय कापता येत नाही. पण कायदा सुरी अडवतो, पारड्याला दूध पाजत नाही. तीस वर्षं मी ठाणे-भिवंडी पट्ट्यात पशुवैद्य म्हणून फिरले. एका तबेल्यात हातभर दोरीने बांधलेलं रेडकू भिंतीचा चुना चाटत होतं. कुशी खपाटीला गेलेल्या, शेपटीखाली हगवण वाळलेली. त्याला कुणी कापलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते गेलं, म्हैस पान्हा चोरू लागली आणि मालक पान्हा सोडवायचं इंजेक्शन मागायला माझ्याकडे आला. मी दिलं नाही. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुमचा हिशेब मला कळतो. रेडकाला वजनाच्या दहावा हिस्सा दूध, म्हणजे तीन लिटर, रोजचे 240 रुपये. हा भार सरकारने उचलायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तोवर एवढं करा. जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पाजा, यात कंजुषी नको. दहाव्या-पंधराव्या दिवशी जंताचं औषध द्या. तिसऱ्या आठवड्यापासून वासरांचं खाद्य आणि कोवळा चारा पुढ्यात ठेवा, तसं दूध हळूहळू कमी करता येतं. पारडू समोर असलं की म्हैस आपसूक पान्हा सोडते, हेही हिशेबात धरा.

तीन-चार महिन्यांची झाली की मुरबाड-शहापूरकडे विचारा. भातशेतीत चिखलणीला रेडा जुंपणारी घरं तिकडे अजून आहेत. पाठवण्याआधी कानात बिल्ला मारून घ्या आणि त्याचा नंबर वहीत लिहून ठेवा.